समुद्री टाकीची नळजोडणी: वीज गेल्यावर पाणी कुठे जाईल, इथून सुरुवात करा

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची ठरलं की बोलणं माशांपासून सुरू होतं. मग दिवे येतात, मग खडकांची रचना, आणि नळ अगदी शेवटी, काचवाल्याकडे माप देऊन झाल्यावर. माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर काढा: चालू टाकीची वीज अचानक गेली, तर पुढच्या पाच मिनिटांत पाणी कुठे जाऊन थांबेल? आणि वीज परत आली की ते आपोआप जागेवर येईल का? आपल्याकडे पावसाळ्यात हा प्रसंग आठवड्यातून एकदा तरी येतोच, आणि नेमका घरी कोणी नसताना येतो. या प्रश्नाचं उत्तर पक्कं असेल तर टाकीची मापं, ओव्हरफ्लो (वरचं जादा पाणी खाली नेणारी वाट), पंप, सम्प (खालच्या कपाटातली दुसरी टाकी) हे सगळं त्यातून ओघाने ठरत जातं.

समजायला सोपं जावं म्हणून पूर्ण लेखात एकच टाकी घेतो: ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच, म्हणजे साधारण १२० × ६० × ६० सेमी, १२ मिमी काच. खालच्या कपाटात ३ × १.५ × १.५ फुटांचा सम्प. दोन्ही मिळून चालू अवस्थेत सुमारे ५०० लिटर पाणी. तुमची टाकी लहान किंवा मोठी असेल, हिशेबाची रीत तीच राहील.

जागा आणि वजन

५०० किलो पाणी, दोन्ही टाक्यांची सव्वाशे किलोच्या आसपास काच, खडक आणि वाळू, स्टँड, सगळं धरून साडेसातशे किलो होतात. तेही पाऊण चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे २०० किलो भार धरून बांधलेली असते. हा भार पूर्ण खोलीवर पसरलेला गृहीत धरतात, त्यामुळे एका कोपऱ्यात जास्त वजन ठेवणं अशक्य नाही. पण टाकी भिंतीलगत, खाली बीम असलेल्या बाजूला हवी. खोलीच्या मधोमध नको, आणि बाहेर काढलेल्या बाल्कनीत तर मुळीच नको. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या. त्याची फी या सगळ्या खर्चात नगण्य आहे.

टाकी आणि भिंत यांत किमान १५ सेमी फट ठेवा. मागे ओव्हरफ्लोचा डबा बसणार, नळ उतरणार आणि पुढे कधीतरी तुमचा हात जाणार आहे. स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा, पावडर कोटिंग केलेला; कपाटाला प्लायवूड लावायचं तर आयएस ७१० चा मरीन प्लाय. सम्पमध्ये स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) उभा राहतो आणि त्याचा कप वर उचलून काढावा लागतो, म्हणून कपाटाची आतली उंची ७० सेमीच्या खाली नको. स्पिरिट लेव्हल लावून स्टँड चारही बाजूंनी समतल करा आणि टाकीखाली १२ मिमीचा थर्मोकोल किंवा फोमचा शीट घाला.

वीज गेल्यावरचा हिशेब

पंप थांबला की पाणी दोन वाटांनी खाली येतं. ओव्हरफ्लोच्या दात्यांच्या (कंगव्यासारख्या फटींच्या) खालच्या कडेपर्यंत पाणी वाहून जातं, आणि रिटर्नच्या, म्हणजे सम्पमधलं पाणी पंपाने वर नेणाऱ्या नळातून उलटा सायफन लागतो: पाणी पंपाशिवाय आपल्याच वजनाने खाली ओढलं जातं. रिटर्नच्या तोंडाला हवा मिळेपर्यंत हा सायफन थांबत नाही.

आपल्या टाकीच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ ७२०० चौरस सेमी. म्हणजे पातळी १ सेमी उतरली की ७.२ लिटर पाणी खाली आलं. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाखाली २ सेमीवर असेल तर साडेचौदा लिटर खाली येतील. त्यात डब्यातलं आणि नळांतलं ८ लिटर धरा, झाले साडेबावीस. सम्पचं क्षेत्रफळ सुमारे ४००० चौरस सेमी, म्हणजे १ सेमीला ४ लिटर. सम्पची पातळी साडेपाच-सहा सेमी वाढेल. सम्प ४५ सेमी उंच आणि चालू पातळी २४ सेमी असेल तर काहीच अडचण नाही.

आता तेच तोंड छान प्रवाह मिळावा म्हणून २० सेमी खोल नेलं तर? १४४ लिटर अधिक ८. सम्पमध्ये मोकळी जागा ८० लिटरच्या आसपास. उरलेलं सत्तर लिटर खारं पाणी कपाटात, फरशीवर आणि नंतर खालच्या मजल्याच्या छतात जातं.

यावर दोन उपाय सर्रास सुचवले जातात: रिटर्नमध्ये चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा, किंवा नळाला पृष्ठभागाजवळ छोटं भोक पाडा. चेक व्हॉल्व्हच्या झडपेवर काही महिन्यांत चुन्याचे कण बसतात, एखादी गोगलगाय अडकते आणि झडप पूर्ण मिटत नाही. भोक शेवाळाने बुजतं. दोन्ही जोडीला ठेवायला हरकत नाही, पण हिशेब करताना ते नाहीतच असं धरा. खरी सुरक्षितता तोंडाच्या उंचीत आहे.

दुसरा हिशेब उलट बाजूचा, आणि तो फार जण करत नाहीत. ओव्हरफ्लो पूर्ण बुजला आणि पंप चालू राहिला, तर रिटर्नच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाईल. हा कप्पा २५ × ४५ सेमी आणि त्यात पंपाच्या तोंडापर्यंत १८ सेमी पाणी असेल, तर २० लिटर वर जातील आणि मुख्य टाकीची पातळी २.८ सेमी वाढेल. म्हणून चालू पातळी आणि काचेची वरची कड यांत ४ सेमी अंतर सोडा. दोन्ही हिशेब जमल्याशिवाय काच कापायला देऊ नका.

सम्पचे कप्पे

तीन कप्पे पुरतात. पहिल्यात वरून येणारं पाणी गाळणीच्या पिशवीत पडतं आणि तिथेच स्किमर उभा राहतो. बहुतेक स्किमरना १८ ते २३ सेमी खोलीचं स्थिर पाणी लागतं, म्हणून या कप्प्यानंतरचा आडवा काचपट्टा २४ सेमी उंच ठेवतो. प्रत्यक्षात तुमच्या स्किमरच्या पुस्तिकेतला आकडा बघा. मधला कप्पा खडक, गाळणीचं माध्यम किंवा समुद्री शेवाळ वाढवण्यासाठी. तिसरा रिटर्नचा. मधल्या आणि तिसऱ्या कप्प्यांमध्ये वर-खाली-वर अशा तीन पट्ट्या लावल्या की बुडबुडे तिथेच विरतात.

बाष्पीभवनाने होणारी घट फक्त रिटर्नच्या कप्प्यात दिसते. तो फार अरुंद केला तर एका दिवसात पंप हवा ओढायला लागतो. फार मोठा केला तर वरचा दुसरा हिशेब बिघडतो. २५ सेमी लांबी ही या टाकीसाठी मधली वाट आहे.

ओव्हरफ्लो: तीन नळ

एका नळाचा ओव्हरफ्लो लोक स्वस्तात लावतात. मी तो कोणालाच सुचवत नाही. त्या एका नळात पाणी आणि हवा दोन्ही उतरतात, त्यामुळे रात्रभर गुडगुड ऐकू येते, आणि एखादा शंख तोंडात अडकला तर दुसरी वाट नसते. बीनअ‍ॅनिमल या नावाने जगभर ओळखली जाणारी तीन नळांची पद्धत थोडी जास्त जागा घेते, पण ती शांत आहे आणि तिच्यात एखादी चूक झाली तरी निभावून जातं.

मागच्या काचेच्या वरच्या भागात दात्यांची फट, तिच्यामागे बाहेरच्या बाजूला ४० सेमी लांब, १५ सेमी रुंद काचेचा डबा, आणि डब्याच्या तळाला तीन भोकं. तीन नळ असे:

पहिला पूर्ण सायफनचा. त्याचं तोंड डब्यात सर्वांत खाली, कायम पाण्यात. खाली कपाटात, हात पोहोचेल अशा उंचीवर त्याला व्हॉल्व्ह. जवळजवळ सगळं पाणी हाच नेतो. हवा शिरत नसल्याने आवाज होत नाही. पूर्ण सायफनवर चालणारा १ इंची नळ ताशी २००० लिटर सहज नेतो.

दुसरा उघडा नळ. तोंड पहिल्यापेक्षा उंच, त्यातून फक्त बारीक धार उतरते. त्याच्या माथ्यावरच्या टोपीला ६ मिमीची हवेची नळी जोडून तिचं मोकळं टोक डब्यातल्या नेहमीच्या पातळीच्या थोडं वर ठेवायचं. पातळी वाढून ते टोक बुडालं की हवा बंद होते आणि हा नळही आपोआप पूर्ण सायफन होऊन जातो.

तिसरा संकटकाळचा. सरळ उभा, तोंड सर्वांत उंच, व्हॉल्व्ह नाही, कायम कोरडा. याचं खालचं टोक सम्पमधल्या पाण्याच्या वर सोडा. त्यातून पाणी पडायला लागलं की घरभर आवाज येतो, आणि तोच इशारा.

पहिल्या दोन नळांची खालची टोकं सम्पच्या पाण्यात फक्त २-३ सेमी बुडवा. जास्त खोल नेली तर आतली हवा बाहेर पडू शकत नाही आणि सायफन सुरूच होत नाही. "सायफन पकडत नाही" अशी तक्रार येते तेव्हा मी आधी हेच बघायला सांगतो.

सायफनच्या नळावर गेट व्हॉल्व्ह सर्वांत चांगला, कारण तो बारीक फिरवता येतो. मात्र हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की पितळी किंवा गनमेटलचा हातात येतो. तो इथे चालणार नाही. पितळात तांबं असतं, आणि तांब्याची अत्यल्प मात्राही कोळंबी, शंख, प्रवाळ यांना मारते. पूर्ण प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह मागवावा लागतो. मिळेपर्यंत चांगल्या प्रतीचा यूपीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह लावा, फक्त जुळवणीला जास्त वेळ द्यावा लागेल. हाच नियम प्रत्येक जोडाला: पितळी निपल नाही, लोखंडी क्लॅम्प नाही, पाण्यात बुडणारा स्टीलचा स्क्रूसुद्धा नाही.

नळ, मापं आणि भोकं

यूपीव्हीसी घ्या. पांढरा किंवा राखाडी, थंड पाण्याचा. पिवळसर सीपीव्हीसी हा गरम पाण्यासाठी असतो आणि त्याचं माप निराळं आहे. दोन्हींना "एक इंची" म्हणतात, पण १ इंची यूपीव्हीसीचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी आणि १ इंची सीपीव्हीसीचा २८.६ मिमी. यात तिसरा गोंधळ मेट्रिक मापाचा: शेतीच्या दुकानातला ३२ मिमी नळ आणि मत्स्यालयाच्या दुकानातले बरेच बल्कहेड (काचेच्या भोकातून नळ न गळता नेणारे जोड) मेट्रिक असतात. ३२ मिमीचा नळ ३३.४ मिमीच्या सॉकेटमध्ये सैल बसतो, सोल्व्हंट (नळ चिकटवायचं द्रव) लावल्यावर पक्का झाल्यासारखा वाटतो आणि काही आठवड्यांनी पाझरायला लागतो. म्हणून सगळं सामान एकाच मापपद्धतीतलं, शक्यतो एकाच दुकानातून, आणि विकत घेताना प्रत्येक नळ प्रत्येक जोडात घालून बघून.

बल्कहेड आधी विकत घ्या आणि भोकं नंतर पाडा. १ इंची बल्कहेडला ४५ मिमीच्या आसपास भोक लागतं, पण प्रत्येक कंपनीचं माप थोडं वेगळं. काचवाल्याला प्रत्यक्ष बल्कहेड दाखवा. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी दूर हवी. टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही, ती चुरा होते. त्यामुळे भोकाची काच साधीच हवी आणि भोकं टाकी जोडण्याआधीच पाडून घ्यावीत.

बल्कहेड बसवताना रबरी वॉशर कॉलरच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या बाजूला. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस्स. पान्याने आवळला तर काच तडकते किंवा वॉशर बाहेर सरकतो. वॉशरवर सिलिकॉन लावू नका, पुढे काढायची वेळ आली की त्रास होतो.

जोडणी

आधी सगळी नळजोडणी सोल्व्हंटशिवाय कोरडी करा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. या दोन दिवसांत लक्षात येतं की स्किमर बाहेर काढता येत नाही, किंवा व्हॉल्व्हचं हँडल स्टँडच्या पायाला अडतं. समाधान झालं की प्रत्येक जोडावर पेनने आडवी खूण करा, म्हणजे चिकटवताना कोन बदलणार नाही.

नळ काटकोनात कापा, आतली-बाहेरची कूस पॉलिश पेपरने घासून काढा. दोन्ही पृष्ठभाग पुसून सोल्व्हंट लावा, नळ आत सरकवताना पाव फेरा द्या आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. लगेच सोडला तर तो थोडा मागे येतो. खिडकी उघडी हवी. पाणी २४ तासांनंतर. आट्यांच्या जोडाला टेफ्लॉन टेप, आट्यांच्याच दिशेने गुंडाळलेली.

जिथे ९० अंशाचा एल्बो लागतो तिथे शक्य असेल तर ४५ चे दोन लावा, पाण्याला अडथळा कमी होतो. उतरत्या नळाचा एकही भाग पूर्ण आडवा नको. आणि युनियन (फिरवून उघडता येणारे जोड) लावण्यात काटकसर करू नका. पंपाजवळ एक, प्रत्येक उतरत्या नळावर एक, चिलरच्या (पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या) दोन्ही बाजूंना एकेक. युनियन नसलेला नळ दुरुस्त करायचा म्हणजे करवत घेऊन कापायचा.

रिटर्नच्या नळावर पंपानंतर एक टी टाकून तिला व्हॉल्व्ह आणि टोपी लावून ठेवा. पुढे रिअ‍ॅक्टर किंवा आणखी काही जोडावंसं वाटलं तर चालू टाकीत सोल्व्हंट वापरावा लागणार नाही. पंप आणि कडक नळ यांच्यामध्ये वीतभर सिलिकॉनची लवचिक नळी घाला. पंपाची थरथर स्टँडपर्यंत पोहोचत नाही आणि घर शांत राहतं.

पंप

सम्पमधून ताशी टाकीच्या ३ ते ५ पट पाणी फिरलं की पुरे, म्हणजे इथे २००० लिटरच्या आसपास. प्रवाळांना लागणारा जोरदार प्रवाह टाकीतले वेव्हमेकर देतात; तो रिटर्नवर लादायचा नाही. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सम्पपासून टाकीच्या माथ्यापर्यंत दीड मीटर आणि त्यात तीन-चार वळणं धरली तर प्रत्यक्ष प्रवाह निम्म्याच्या आसपास उतरतो. ताशी ४००० ते ५००० लिटरचा, वेग कमी-जास्त करता येणारा २४ व्होल्टचा डीसी पंप घ्या. परदेशात राहणाऱ्यांनी तिथला एसी पंप इकडे आणताना व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही तपासावी. अमेरिकेतलं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं यंत्र आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर तसंच लावता येत नाही.

विजेची बाजू

टाकीच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय एकही प्लग लावू नका. खाऱ्या पाण्यातून वीज उत्तम वाहते आणि तुमचा हात रोज त्यात असणार आहे. सॉकेट सम्पच्या वर नाही, बाजूला आणि उंचावर. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली एक झोळ घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

इन्व्हर्टर असेल तर शुद्ध साइन वेव्हचाच, आणि त्यावर दिवे किंवा चिलर टाकू नका. वीज गेल्यावर माशांचा जीव ऑक्सिजनअभावी जातो, म्हणून पहिला हक्क वेव्हमेकरचा. १५० अँपिअर-तासाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे १८०० वॅट-तास असतात. तूट धरूनही ४० वॅटचा भार एक दिवस निघतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप तरी घरात हवाच.

गोड्या पाण्याची परीक्षा

मीठ घालण्याआधी साधं पाणी भरून चार चाचण्या घ्या.

पंप सुरू करा, सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. काही मिनिटं नळ हवा ओकेल, मग शांत होईल. आता व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद करत जा. डब्यातली पातळी वर येऊन दुसऱ्या नळात बारीक धार पडू लागली की थांबा. अर्धा तास थांबून पुन्हा बघा, कारण पातळी सावकाश स्थिर होते.

पहिली चाचणी: मेन स्विच बंद. पाणी उतरायचं थांबेपर्यंत वाट बघा आणि सम्पच्या काचेवर पातळीची खूण करा. पुन्हा सुरू करा; सायफन हात न लावता पकडला पाहिजे. हे पाच-सहा वेळा करा. दुसरी: सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद, पंप चालू. दुसऱ्या नळाने सगळं पाणी पेललं पाहिजे. तिसरी: दुसऱ्याचं तोंडही फडक्याने बंद. आता संकटनळाची पाळी. चौथी: तिन्ही बंद करून पंप रिटर्नचा कप्पा उपसेपर्यंत शेजारी उभे राहा. टाकी काठोकाठ भरेल, सांडता कामा नये. पंप कोरडा होताच बंद करा.

चारही पार पडल्या की रिटर्नच्या कप्प्यावर बाहेरून पक्क्या चिकटपट्टीने चालू पातळीची कमाल रेघ आखा. या रेघेच्या वर पाणी कधीही भरायचं नाही, कारण पहिली चाचणी याच पातळीला पार पडली आहे. टाकी दोन दिवस भरलेली ठेवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून बघा, मग रिकामी करा.

पाणी आणि मीठ

नळाचं पाणी थेट नको. त्यातलं क्लोरीन जिवांना घातक असतं, आणि फॉस्फेट, सिलिकेट शेवाळाला खाऊ घालतात. टँकर किंवा बोअरचं पाणी तर आणखी जड. आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन, टीडीएस मीटरवर शून्य, एवढं लागतंच. घरातला पिण्याचा प्युरिफायर वापरायचा विचार असेल तर सावध. त्यातला टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज गाळलेल्या पाण्यात क्षार परत मिसळतं, आणि हल्ली अनेक मॉडेलमध्ये तांब्याचं कार्ट्रिज असतं. ते पाणी या टाकीत एक ग्लासही जाऊ नये. वेगळा साधा आरओ जोडा. ७५ गॅलनची मेम्ब्रेन दिवसाला जास्तीत जास्त २८० लिटर देते, म्हणजे पहिल्या भरण्याला दोन दिवस. टाकून दिलं जाणारं पाणी लादी पुसायला, संडासच्या टाकीला वापरा.

मीठ म्हणजे खास मत्स्यालयाचं मिश्रण, स्वयंपाकघरातलं किंवा मिठागराचं नाही. लिटरला ३८ ग्रॅम धरून ५०० लिटरला १९ किलो लागेल. क्षारता ३५ भाग प्रतिहजार, सापेक्ष घनता १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. समुद्रावरून कॅन भरून आणण्याची कल्पना सोडा. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी सांडपाण्याने दूषित आहे आणि पावसाळ्यात कोकणातही किनाऱ्याजवळची क्षारता खाली येते.

बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं; म्हणून भर कायम गोड्या आरओ-डीआय पाण्याची. ऑटो टॉप-ऑफ (पातळी उतरली की आपोआप भर घालणारं यंत्र) लावा, पण त्याचा साठा २० लिटरचाच. सेन्सर अडकून सगळा साठा आत गेला तरी ५०० लिटरची क्षारता ३५ वरून ३३.७ च्या आसपास येईल, जिवावर बेतणार नाही. शंभर लिटरचा ड्रम जोडला तर बेतेल. त्याच्या नळीचं टोक सम्पच्या पाण्याच्या वर हवं, नाहीतर तिथेही सायफन लागतो.

उष्णता

पाणी २५-२६ अंशांवर हवं आणि मे महिन्यात आपल्या खोल्या ३२ च्या पुढे असतात. महाराष्ट्रात टाकी ठेवताना हा खर्च टाळता येत नाही. एक लिटर पाणी दिवसभरात उडालं तर २८ वॅटच्या सततच्या थंडाव्याइतकी उष्णता जाते. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखे लावून दिवसाला पाच-सहा लिटर उडवता येतं आणि पाणी २ ते ४ अंश उतरतं. मुंबईत आणि कोकणात हवाच ओलसर, तिथे पंखा हरतो. चिलर लागतोच, या टाकीला पाव ते एकतृतीयांश अश्वशक्तीचा, टायटॅनियम कॉइलचा.

चिलरला वेगळा छोटा पंप आणि वेगळा फेरा द्या: रिटर्नच्या कप्प्यातून बाहेर, चिलर, आणि परत मधल्या कप्प्यात. मुख्य रिटर्नवर चिलर चढवला तर त्याचा अडथळा पूर्ण प्रवाहाला भोवतो. चिलर कपाटात कोंडू नका, तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. आणि त्याच्याही परतीच्या नळाचं तोंड पृष्ठभागाजवळ ठेवून वीज गेल्याची चाचणी नव्याने घ्या. विदर्भात आणि पुण्यात हिवाळ्यासाठी हीटरही लागेल. मोठा एक घेण्यापेक्षा लहान दोन घ्या, एक बिघडला तरी पाणी उकळणार नाही की गोठणार नाही.

खडक, कायदा आणि पहिले रहिवासी

खडक कृत्रिम, सिरॅमिक किंवा सिमेंटचा सच्छिद्र. टाकीच्या तळावर थेट, वाळू नंतर. खडकांच्या मागे आणि खाली पाणी फिरेल अशी मोकळी रचना करा. वाळू अ‍ॅरगोनाइटची; किनाऱ्यावरची आणू नका.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळं आणि समुद्रपंखे घातले गेले. समुद्रघोड्यांनाही तेव्हाच संरक्षण मिळालं. मालवणच्या पाण्यातून किंवा मुंबईत हाजी अलीच्या खडकांवरून प्रवाळाचा तुकडा उचलणं गुन्हा आहे, तो मेलेला असला तरी. दुकानात "डेड कोरल" म्हणून विकला जाणारा पांढरा सांगाडाही त्यातच आला. दगडी प्रवाळं साइटीस या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीने साइटीसमधल्या परदेशी जिवंत प्राण्यांची नोंदणी मालकावर आली आहे. विक्रेता आयातीची आणि मालकीची कागदपत्रं दाखवू शकत नसेल, तर ते प्रवाळ कितीही सुंदर असो, घेऊ नका. आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आधीच मोजकं उरलं आहे. त्यातलं एक कमी करून घरची टाकी सजवण्यात मला कसलाही आनंद दिसत नाही.

टाकीचं चक्र, म्हणजे विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवण्याचा काळ, मासे न घालता चालवा. शुद्ध अमोनियाची मात्रा २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत २ भाग) नेऊन जिवाणूंचं कल्चर घाला. आधी अमोनिया, मग नायट्राइट शून्यावर येतं, नायट्रेट वाढतं. चार ते सहा आठवडे लागतात. मधे काच तपकिरी होईल, मग हिरवी. ते येणारच, त्यासाठी रसायनं ओतू नका.

पहिला मासा हॅचरीत जन्मलेला क्लाउनफिश. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे, त्यामुळे असे मासे देशातच तयार होतात. ते तयार खाणं खातात आणि त्यांना समुद्रफूल लागतंच असं नाही. प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या टाकीत महिनाभर. तांब्याची औषधं त्याच टाकीत, तिच्या बादल्या आणि जाळ्याही वेगळ्या.

कागदपत्रांसह प्रवाळं आली तर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास स्थिर ठेवा. सुरुवातीची गरज चुन्याच्या निवळीने भागते, पण पानाचा चुना नको, शुद्ध फूड ग्रेड कॅल्शियम हायड्रॉक्साइडच. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री.

पुढची देखभाल

आठवड्याला गाळणीची पिशवी बदला आणि ओव्हरफ्लोचे दाते ब्रशने घासा. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून पहिली चाचणी पुन्हा घ्या. पातळी जुन्या खुणेच्या वर गेली तर कुठेतरी काहीतरी सरकलं आहे, बहुधा रिटर्नचं तोंड. दर तीन महिन्यांनी पंप काढून सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात तासभर चालवा, आतला चुना सुटतो. बल्कहेडभोवती मिठाची पांढरी पापडी दिसली की ती पुसून टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा. तिथेच परत आली तर गळती आहे.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावा: कोणता व्हॉल्व्ह कशाचा, कोणता प्लग कशाचा, रेघेच्या वर पाणी भरू नये, आणि संकटनळाचा आवाज आला तर सगळ्यात आधी रिटर्न पंपाचा प्लग काढावा, वेव्हमेकर चालू ठेवावेत. घरातल्या प्रत्येकाकडून हे एकदा करून घ्या, तुम्ही बाजूला उभे राहून, हात न लावता.